मराठी माणसाला धंदा जमत नाही, हे म्हणणं नेमकं कुठे चुकतं

जून २०२५ मध्ये मिलानमधल्या प्राडाच्या फॅशन शोमध्ये मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरी चपला दिसल्या आणि आपल्याकडे मोठा गदारोळ झाला. कंपनीने आधी या चपलांचं मूळ सांगितलंच नव्हतं. ओरड झाल्यावर ते मान्य केलं, आणि डिसेंबरमध्ये महाराष्ट्राचं लिडकॉम व कर्नाटकाचं लिडकर या दोन सरकारी चर्मोद्योग महामंडळांशी करारही केला. सुमारे २,००० जोड इथे बनणार आणि एकेका जोडाची किंमत ८०० युरोच्या आसपास असणार, असं तेव्हा जाहीर झालं.

या गडबडीत एक गोष्ट बऱ्याच जणांच्या नजरेतून सुटली. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ठराविक प्रदेशात बनलेल्या मालालाच ते नाव लावता येईल असा कायदेशीर हक्क मिळाला. तो एकट्या कोल्हापूरला नाही, आठ जिल्ह्यांना मिळाला: महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. नाव कोल्हापूरचं असलं तरी अथणी, मदभावी, निपाणी या आपल्या बेळगाव भागातल्या गावांत घरोघरी हे काम चालतं.

मग साहजिक प्रश्न येतो. जगाला हवी असलेली वस्तू ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या आहे, त्यांच्यातून मोठे चप्पल-उद्योजक का निघाले नाहीत? चहाच्या टपरीवर याचं उत्तर तयार असतं: ‘आपल्या लोकांच्या रक्तातच धंदा नाही.’ मराठी माणूस हे स्वतःबद्दल इतक्या सहज म्हणतो की ते खरं आहे का, हे तपासायचं राहूनच जातं.

उद्योजक कोणाला म्हणायचं?

जो स्वतःचा किंवा उसना पैसा लावतो, काहीतरी नवं करून बघतो, चार लोकांना कामाला लावतो आणि नफा-तोटा दोन्ही अंगावर घेतो, तो उद्योजक. हातात कला असणं वेगळं आणि धंदा हातात असणं वेगळं. निपाणीत घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईचा हात यंत्रासारखा चालतो. पण तंबाखू आणि पानं कंत्राटदाराची, हजारी विड्यांचा दर दुसऱ्याने ठरवलेला, आणि वळून दिलेल्या विड्यांतल्या किती नापास करायच्या हेही तोच ठरवणार. तिच्याकडे कौशल्य आहे, धंदा नाही. तंबाखू पिकवणाऱ्यांचीही गत फार वेगळी नव्हती. १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीचे शेतकरी महामार्गावर बसले ते याच कारणाने: माल आपला आणि भाव व्यापाऱ्याचा.

बराच काळ अभ्यासकही उद्योजकता माणसाच्या स्वभावात शोधत होते. धाडस, कल्पकता, चिकाटी, वगैरे. हे गुण लागतात यात वाद नाही. पण बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कुठल्याही फौंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, जाऊन बघा. भट्टीतला रस तोच असतो, मात्र साच्याची वाळू जास्त ओली राहिली तर वाफ कोंडते आणि कास्टिंगमध्ये पोकळ्या पडतात. त्याला तिथे ब्लोहोल म्हणतात. माल रिजेक्ट होऊन परत आला म्हणून कोणी लोखंडाच्या खानदानाला नावं ठेवत नाही. आधी वाळू तपासतात.

माणसांच्या बाबतीत वाळू म्हणजे आजूबाजूचा समाज: पडल्यावर कोण उचलतं, पैसा कोण देतं, माल कोण विकत घेतं आणि मालमत्ता कोणाच्या नावावर असते.

पडलो तर काय?

स्थळ बघायला आलेल्या पाहुण्यांनी ‘मुलगा काय करतो?’ विचारलं आणि ‘स्वतःचा धंदा आहे’ असं उत्तर मिळालं की चौकशी लांबते. जागा स्वतःची की भाड्याची? कर्ज किती? भाऊ वेगळे झालेत का? बँकेत शिपाई असलेल्या मुलाला यातला एकही प्रश्न येत नाही. आपल्याकडे धंदा बुडाला तर नुसते पैसे बुडत नाहीत, लग्न अडतं. त्या मुलाचं अडतंच, कधी धाकट्या बहिणीचंही. ज्या समाजात अपयशाची किंमत साऱ्या घराने मोजायची असते, तिथे घरातली वडीलधारी माणसं ‘आधी नोकरी लागू दे की, मग बघू’ असं म्हणणारच.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे. भरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्याने पळणारी पोरं तालुक्यात कुठेही दिसतात. त्यांना धाडस नाही असं म्हणायची कोणाची छाती आहे? ती पोरं जीव धोक्यात घालायला तयार असतात, भावकीत वाटून उरलेली दीड एकर मात्र धोक्यात घालत नाहीत. पगार, निवृत्तिवेतन आणि गावात मान, हे तिन्ही एकदम मिळत असताना घर गहाण टाकून लेथ मशीन घेणं हा त्यांच्या दृष्टीने अडाणीपणा ठरतो. हिशोब लावला तर त्यांचं काही चुकत नाही.

याच्या उलट उदाहरण म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घेतलं जातं, म्हणून ती गोष्ट नीट वाचायला हवी. १८६९ साली बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर इथे त्यांचा जन्म झाला. मुंबईत चित्रकला शिकायला गेले, पण रंगांधळेपणामुळे ती सोडून यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. १८८८ मध्ये थोरल्या भावाबरोबर बेळगावात सायकलींचं दुकान सुरू झालं. पुढे बढती डावलली गेली तेव्हा नोकरी सोडून ते बेळगावला आले आणि कडबा कापायची यंत्रं, मग लोखंडी नांगर बनवू लागले. नांगर सुरुवातीला विकलेच गेले नाहीत, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. त्यात बेळगाव शहराच्या विस्तारासाठी कारखान्याची जागा सोडावी लागली. तेव्हा औंधच्या राजांनी आपल्या संस्थानात माळरान देऊ केलं आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट शाळेत जिद्दीची म्हणून सांगतात. जिद्द होतीच. पण त्याच गोष्टीत आणखी काय काय आहे ते पाहा. शिक्षणाची परंपरा असलेलं ब्राह्मण घर, मुलाला मुंबईला पाठवण्याची मुभा, सुरुवातीच्या काळात हातात मुंबईचा पगार, दुकान सांभाळायला रामूअण्णांसारखा भाऊ, आणि सगळं हातातून जाण्याची वेळ आली तेव्हा ओळखीतला एक राजा. लक्ष्मणराव अनेकदा पडले, पण प्रत्येक वेळी खाली काहीतरी अंथरलेलं होतं. गुर्लहोसूरमध्ये त्याच वर्षी जन्मलेल्या एखाद्या शेतमजुराच्या मुलात तितकीच यंत्रांची हौस असती, तर ती कुठे गेली असती?

पैसा कागदावर मिळतो की ओळखीवर?

बँक तारण मागते आणि जामीनदार मागते. तारण बापाकडून येतं, जामीनदार ओळखीतून. एकमेकांवरचा विश्वास, नातीगोती आणि ओळखीपाळखी यांतून जो आर्थिक फायदा होतो त्याला समाजशास्त्रात ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात. शब्द जड आहे, वस्तू रोजची आहे. भिशी हे त्याचं सगळ्यात साधं रूप. बारा जणांनी दर महिन्याला ठराविक रक्कम टाकायची, एकेकाने एकेकदा सगळी उचलायची. सही नाही, तारण नाही. पैसे उचलून पळून गेलेल्याला पुढे गल्लीत तोंड दाखवता येणार नाही, एवढीच हमी.

पतसंस्था आणि सहकारी बँका याच विश्वासाचं मोठं रूप. या भागात सहकार जुना आहे. गदगजवळच्या कणगिनहाळला १९०५ मध्येच शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था उभी राहिली होती. बेळगाव, निपाणी, चिकोडी इथल्या बाजारपेठांत आजही नवा दुकानदार आधी पतसंस्थेची पायरी चढतो. तिथल्या संचालकाला कर्जदाराचा सिबिल स्कोअर माहीत नसेल, त्याचे चुलते माहीत असतात. सोय हीच आणि अडचणही हीच. ज्याचे चुलते कोणाला माहीत नाहीत, तो फौंड्रीत साचे बनवायला आलेला ओडिशाचा किंवा बिहारचा मोल्डर कितीही हुशार असला तरी त्याला जामीनदार कुठून मिळणार?

उद्यमबाग आणि मच्छेच्या वसाहतींमधली कितीतरी छोटी युनिट एका ठराविक वाटेने उभी राहिलेली दिसतात. कारखान्यात दहा-पंधरा वर्षं काढलेला फोरमन जुनी लेथ विकत घेतो, भाड्याचा गाळा धरतो आणि त्याच्याच जुन्या मालकाकडून जॉबवर्क, म्हणजे मजुरीवर करून द्यायचं काम, मिळवतो. मालकाला काम बाहेर द्यायचंच असतं आणि या माणसाचं माप चुकत नाही हे त्याला ठाऊक असतं. यंत्र सेकंड-हँड, जागा भाड्याची. खरं भांडवल म्हणजे मालकाने दिलेली पहिली ऑर्डर. रक्त, वंश, जात यांपेक्षा शेजारी आधीच एक फौंड्री असणं किती कामाचं असतं, हे या गावाने शिकवावं.

इथे एक बारीक फरक लक्षात घ्यायला हवा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं की, नवी संधी बहुधा जवळच्या माणसांकडून येत नाही, लांबच्या ओळखीतून येते. कारण सोपं आहे. भावाला, मेहुण्याला, मित्राला जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. पुण्याच्या कंपनीतला खरेदी अधिकारी, कोइमतूरचा पंपवाला, एखाद्या प्रदर्शनात भेटलेला निर्यातदार यांच्याकडे वेगळी बातमी असते. जवळची नाती पडल्यावर सावरतात, लांबच्या ओळखी पुढे नेतात. आपल्याकडे पहिली रग्गड आहेत आणि दुसऱ्यांचा दुष्काळ आहे.

शिवाय जवळच्या नात्यांचा जाचही असतो. गावातल्या गावात दुकान टाकलं की पाहुण्यांना उधारी नाही म्हणता येत नाही आणि दिल्यावर मागताही येत नाही. परमुलखातून आलेला दुकानदार रोखीचा फलक बिनदिक्कत लावतो. त्याला इथे कोणाच्या बारशाला जायचं नसतं.

माल चांगला आहे, पण बनवणारा कोण?

आता सगळ्यात अवघड भागाकडे येतो. धंदा उभा राहायला शेवटी गिऱ्हाईक लागतं, आणि गिऱ्हाईक नुसती वस्तू बघत नाही, कधी कधी हातही बघतं.

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची हकिकत अनेकांना माहीत असेल. ते शाहू महाराजांच्या पागेत कामाला होते. पाण्याला शिवल्यावरून त्यांना मारहाण झाली, तेव्हा महाराजांच्या मदतीने त्यांनी कोल्हापुरात चहाचं हॉटेल काढलं. जागा होती, भांडवल होतं, चहा उत्तम होता. गिऱ्हाईक येईना. दलिताच्या हातचा चहा कोण पिणार? मग महाराज स्वतः गाडी थांबवून सगळ्यांदेखत तिथला चहा पिऊ लागले आणि बरोबरच्या उच्चवर्णीयांनाही पाजू लागले. एका चहाच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळावं म्हणून राजाला गाडी थांबवावी लागली. बाजारभाव मागणी आणि पुरवठ्यावर ठरतो असं सांगणाऱ्यांनी हे उदाहरण आधी समजून घ्यावं.

चपलेच्या धंद्यात हे आणखी गुंतागुंतीचं आहे. कातडं कमवायचं काम ढोर समाजाकडे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कातडं कमवतात, त्याला वास असतो, वेळ लागतो. कापायचं, शिवायचं काम चर्मकार, समगार यांच्याकडे. आणि मुख्य रस्त्यावर काच लावलेलं दुकान अनेकदा तिसऱ्याच कोणाचं. कौशल्य वारशाने आलं, त्याबरोबर कलंकही वारशाने आला. मुलगा शिकला की त्याला पहिली इच्छा होते ती या कामापासून लांब जायची, आणि त्याला दोष देता येणार नाही. ज्याच्या पूर्वजांना या कामावरून कधी अपमान सोसावा लागला नाही असा एखादा तरुण हीच चपल ऑनलाइन विकतो, तेव्हा त्याच्यापर्यंत कलंक पोचतच नाही, नफा तेवढा पोचतो. अशा तरुणाची हुशारी मला नाकारायची नाही. तो त्याच रस्त्यावरून चालतो, फक्त त्याच्या वाटेत एक भिंत कमी असते.

इथे कोणी बसवण्णांची आठवण करून देईल, आणि ती योग्यच आहे. श्रमालाच पूजा मानणारा कायकाचा विचार बाराव्या शतकात याच कन्नड मुलखात मांडला गेला. शरणांमध्ये, म्हणजे बसवण्णांच्या अनुयायांमध्ये, चर्मकार हरळय्यांना मानाचं स्थान होतं. पण परंपरा असंही सांगते की, हरळय्यांच्या मुलाचं लग्न ब्राह्मण मधुवरसांच्या मुलीशी झालं तेव्हा कल्याणमध्ये (आजचं कर्नाटकातलं बसवकल्याण) उत्पात झाला आणि दोन्ही बापांना जीव गमवावा लागला. श्रमाला मान देणारं तत्त्वज्ञान लोक तोंडपाठ करतात. सोयरीक करायची वेळ आली की ते पुस्तकात राहतं, आणि व्यापाराच्या ओळखी मात्र सोयरिकीच्या वाटेनेच फिरत असतात.

बाईच्या नावावर काय आहे?

सहाव्या आर्थिक गणनेत (२०१३-१४) देशात सुमारे ५.८५ कोटी आस्थापना मोजल्या गेल्या. त्यांतल्या बायकांच्या मालकीच्या होत्या १३.७६ टक्के, म्हणजे सुमारे ८० लाख. बायका काम करत नाहीत असा याचा अर्थ कोणी काढला तर त्याने एकदा अथणीला जाऊन यावं. चपलेवरची वेणी घालणं, नक्षी ठोकणं ही कामं बहुतांशी बायकाच करतात. पण कारागीर म्हणून नाव पुरुषाचं, आणि पैसे घ्यायला बाजारात जाणाराही तोच. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अथणीत ‘टो-होल्ड’ नावाच्या उपक्रमातून महिला कारागिरांचे बचत गट बांधले गेले आणि माल थेट परदेशी ग्राहकांपर्यंत जाऊ लागला. तिथे बायकांना नवं कौशल्य फारसं शिकवावं लागलं नाही. खातं, हिशोब आणि ऑर्डर त्यांच्या नावावर आली, एवढ्यानेही बराच फरक पडला.

मुळात अडचण उताऱ्यावर सुरू होते. कर्नाटकात आणि महाराष्ट्रात १९९४ पासून, आणि साऱ्या देशात २००५ पासून, हिंदू कुटुंबातल्या मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. कायदा झाला. पण बाप गेल्यावर भाऊ हक्कसोड पत्र पुढे करतो आणि बहीण सही करते. माहेर तुटू नये म्हणून करते. त्या सहीबरोबर तिचं तारणही जातं. पाच वर्षांनी तिला पापड-लोणच्याच्या धंद्यासाठी मोठं कर्ज हवं असतं, तेव्हा बँक विचारते, तुमच्या नावावर काय आहे? मग ती बचत गटाच्या छोट्या कर्जावर भागवते आणि धंदाही तेवढाच छोटा राहतो. पुढे आपणच म्हणतो, बायका मोठा विचार करत नाहीत.

मग मारवाड्यांच्या, जैनांच्या रक्तात धंदा कसा?

हा आक्षेप हमखास येतो, आणि त्याचं उत्तर आपल्या जिल्ह्यातच आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर यांनी १९०४-०५ मध्ये युरोपातल्या भांडवलशाहीचं मूळ प्रोटेस्टंट धर्माच्या शिकवणीत शोधलं होतं. तोच धागा धरून आपल्याकडे काही जण म्हणतात की अहिंसा, काटकसर आणि शिस्त यांमुळे जैन व्यापारी झाले. ठीक. मग अथणी, चिकोडी, रायबाग या पट्ट्यातले जैन शेतकरी कसे? तेच तीर्थंकर, तीच व्रतं, आणि हातात नांगर, शेतात ऊस. धर्म तोच, धंदा वेगळा. म्हणजे धर्माच्या बरोबरीने दुसरं काहीतरी काम करतंय.

ते दुसरं काहीतरी म्हणजे व्यवस्था. मारवाडी घरातला मुलगा मिसरूड फुटायच्या आधी नात्यातल्या कोणाच्या दुकानात काम शिकतो. स्वतःचं दुकान टाकताना पहिला माल नातेवाइकाकडून उधारीवर मिळतो. बुडालाच तर दुसऱ्या पेढीवर नोकरीला बसतो, चार वर्षांनी पुन्हा उभा राहतो, आणि लग्नाच्या बाजारात त्याचं फारसं बिघडत नाही. प्रशिक्षण, भांडवल आणि विमा असं सगळं त्या समाजाने पिढ्यांच्या अनुभवातून घरातच उभं केलं. बेळगावची ओळख झालेला कुंदा राजस्थानातून आलेल्या एका मिठाईवाल्याच्या हातून जन्माला आला असं सांगतात. तो मिठाईवाला इथे टिकला त्यामागेही असंच पाठबळ असावं.

अशी व्यवस्था दुसऱ्या मार्गानेही उभी करता येते. १९१६ मध्ये बेळगावात सात शिक्षकांनी केएलई संस्था सुरू केली. मुख्यतः लिंगायत समाजाच्या शिक्षणासाठी निघालेल्या त्या शाळेतून पुढे डॉक्टर, इंजिनिअर, कारखानदार, राजकारणी यांचं एक प्रचंड जाळं तयार झालं.

सीमावादाचा काय संबंध?

आहे, पण आपण समजतो तसाच नाही. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा हा वाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या न्याय-अन्यायाबद्दल मी इथे बोलत नाही, धंद्यावरच्या परिणामाबद्दल बोलतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगावजवळ एका बस वाहकाला मारहाण झाली, भाषेवरून प्रकरण चिघळलं आणि दोन राज्यांमधल्या बसगाड्या थांबल्या. महाराष्ट्रातल्या चंदगडहून बेळगावात खरेदीला येणाऱ्या माणसाने तो दिवस घरी काढला, आणि त्याच्यावर पोट असलेल्या खडेबाजारातल्या दुकानदाराने गल्ला न उघडता. असा दिवस कधी येईल हे माहीत नसणं, हेच धंद्याला सगळ्यात जास्त मारतं.

रोजचा अडसर मात्र कागदाचा आहे. मराठी शाळेत शिकलेल्या इथल्या कित्येकांना कन्नड बोलता येतं, वाचता येत नाही. परवान्याचा अर्ज, पंचायतीची नोटीस, अनुदानाची जाहिरात कन्नडमध्ये. दुसऱ्याकडून वाचून घ्यायचं म्हटलं की मधला माणूस आला, आणि मधला माणूस फुकट वाचत नाही. जत आणि अक्कलकोट भागातल्या कन्नड भाषकांचीही महाराष्ट्रात हीच तक्रार असते, हे सांगायलाच हवं.

भाषेपेक्षाही कमी बोलली जाणारी एक गोष्ट जीएसटीची. कर्नाटकात मालाची वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याला नोंदणीची सक्ती नाही. पण माल राज्याबाहेर गेला की उलाढाल कितीही कमी असो, नोंदणी करावी लागते. काही हस्तकला वस्तूंना यातून सवलत आहे, सगळ्यांना नाही. निपाणीहून कोल्हापूर ४० किलोमीटरवर, बेळगाव त्याच्या जवळपास दुप्पट अंतरावर. तिथल्या मसाले कुटणाऱ्या बाईला सगळ्यात जवळचा मोठा बाजार म्हणजे कोल्हापूर, आणि कायद्याच्या दृष्टीने ते परराज्य. हुबळीच्या तिच्यासारख्याच बाईला ही डोकेदुखी नाही. निपाणीची बाई मागे पडली तर तो रक्ताचा दोष म्हणायचा का?

आता दुसरी बाजू. मराठी, कन्नड, हिंदी, थोडी उर्दू, थोडी कोकणी एकाच गल्ल्यावर बसून बोलणारा बेळगावचा दुकानदार पुण्यात किंवा बंगळूरात सापडणार नाही. गोव्याला भाजी इथून जाते. शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत महाराष्ट्राच्या हद्दीत कारखाना आणि बेळगावात घर, असं माणसं सहज जगतात. ग्रॅनोव्हेटरच्या त्या लांबच्या ओळखी सीमेवरच्या माणसाला इतरांपेक्षा स्वस्तात मिळू शकतात. भांडणात आपण त्या खर्चून टाकतो, हे माझं मत.

म्हणजे सगळा दोष समाजाचा, माणसाने काहीच करायचं नाही?

असं कोणी म्हणत नाही. एकाच गल्लीतले दोन भाऊ, एक उभा राहतो आणि एक नाही, हे आपण बघतोच. त्या दोघांमधला फरक जिद्दीने समजावता येईल. पण एका समाजातून शंभरातले वीस उभे राहतात आणि दुसऱ्यातून एक, हा फरक जिद्दीने समजावता येत नाही. जिद्दीचं वाटप जातीनुसार झालेलं नाही.

म्हणून सरकारी योजना बघताना एक प्रश्न विचारावा: ही योजना वाळूतला कुठला ओलावा काढते? सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत चर्मकारांसह १८ पारंपरिक व्यवसायांना तारणाशिवाय आधी १ लाख आणि ते फेडल्यावर २ लाख रुपये ५ टक्के व्याजाने मिळू शकतात. तारणाची अडचण यात सुटते, गिऱ्हाइकाची सुटत नाही. कर्ज काढून शिवलेले जोड कोणाला विकायचे, हा प्रश्न कारागिराच्या दारातच उभा राहतो.

बिल थकण्याचंही तसंच. छोट्या उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. पण जॉबवर्कवाला ज्याच्या ऑर्डरीवर जगतो त्याच्यावर दावा कसा लावणार? इथे मला सर्वांत जास्त आशादायक वाटते ती ट्रेड्स ही व्यवस्था, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालची. मोठ्या कंपनीने मान्य केलेलं बिल छोटा पुरवठादार तिथे ऑनलाइन टाकतो, बँका त्यावर बोली लावतात आणि व्याज कापून पैसे लगेच खात्यात येतात. वर्षाला २५० कोटींहून अधिक उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी करणं आता सक्तीचं आहे. यात बँक विकणाऱ्याची पत बघत नाही, बिल देणाऱ्या कंपनीची बघते. गाळ्यातल्या माणसाचे चुलते कोण, उतारा कोणाच्या नावावर आणि तो घरी कुठली भाषा बोलतो, याला तिथे रकानाच नाही. मात्र बेळगावातली बरीच छोटी युनिट मोठ्या कंपनीला थेट माल देत नाहीत. मधल्या एका-दोघांमार्फत देतात, आणि मधले कधी कधी चिठ्ठीवरच काम करून घेतात. ट्रेड्सवर चढवायला पक्कं बिल लागतं, ते त्यांना अजून मिळत नाही.